जुईनगरची थंडी

नवी मुंबईत थंडी येत नाही, तिची नुसती बातमी येते. डिसेंबरात एखाद्या सकाळी पंखा पाचवरून चारवर आणावा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर ‘काय मस्त गारवा’ असे मेसेज पडायला लागतात. सकाळी फिरायला जाणारे काका लोक कानटोपी घालतात आणि तिच्याखालून ओघळणारा घाम रुमालाने पुसतात. दुपार झाली की सगळे मुकाट्याने पंखा पुन्हा पाचवर नेतात. वैशालीचा जन्म चेंबूरचा आणि संसार जुईनगरचा. थंडी तिला आयुष्यात दोनदा भेटली होती, दोन्ही वेळा ट्रिपला, आणि दोन्ही वेळा ती हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडली नव्हती.

अशा बाईच्या मागे थंडी लागली ती सासूमुळे. भिमाबाई, वय पंचाहत्तरीच्या पुढे, राहणार निफाडजवळच्या एका खेड्यात. पारा घसरला की पेपरवाले फोटो काढायला जातात, तो हा भाग. नवरा गेल्यापासून बाई एकट्या राहत होत्या आणि खुशीत राहत होत्या. फक्त थंडीत त्यांचे गुडघे धरायचे. गेल्या पौषात त्या पहाटे अंगणात शेकोटीपुढे बसल्या आणि मग त्यांना उठताच येईना. शेकोटी विझली, उजाडलं, दूधवाला आला, तोवर बाई तिथेच. त्याने हाताला धरून उठवलं तेव्हा त्यांनी आधी त्याला उशीर का केला म्हणून झापलं. भिमाबाई हा किस्सा विनोद म्हणून सांगायच्या. त्यांच्या लेकीला, क्षिप्राला, तो विनोद वाटला नाही.

क्षिप्रा नाशिकला राहते, म्हणजे आईच्या गावापासून तासाभरावर. पण तिचे योगाचे क्लास असतात, तिच्या स्वयंपाकघराचं काम काढलेलं असतं, तिच्या नवऱ्याला बाहेरचं खाऊन चालत नाही. तिने दिवाळीच्या आधी भावाला आणि वहिनीला एकत्र फोनवर घेतलं आणि निकाल सांगून टाकला.

“थंडीत आईला एकटं ठेवायचं नाही म्हणजे नाही. ती तुमच्याकडे राहिली तर उत्तम. नाही राहिली, तर वहिनी, तू तिकडे जा संक्रांतीपर्यंत. तुझं काय, लॅपटॉपवरचं काम. गावातही होईल.”

वैशाली घरी बसून एका कंपनीच्या लोकांचे पगार काढते. ते काम आहे हे सासरच्या कुणालाही आजवर पटवता आलेलं नव्हतं, कारण त्या वेळी तिच्या अंगावर गाऊन असतो. तिने मोठ्या आशेने नवऱ्याकडे पाहिलं. नंदकिशोर कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामाचा कारभार सांभाळतो. ट्रकवाल्यांशी तो दिवसभर तारस्वरात भांडतो आणि बहिणीशी बोलताना फक्त ‘हं’ म्हणतो. तो ‘हं’ म्हणाला.

गावच्या घराची वैशालीला पूर्ण कल्पना होती. न्हाणी अंगणाच्या त्या टोकाला. नेटवर्क घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, चढलं तर येणार, तेही वाऱ्याच्या मर्जीवर. अंघोळीचं पाणी बंबात, आणि बंब पेटवायला उठायचं ते वैशाली पहिली झोप संपवून दुसरी सुरू करते त्या वेळेला. असे दोन-अडीच महिने. तिने मनाशी ठरवलं, काय वाटेल ते करावं लागलं तरी चालेल, सासूबाई संक्रांतीपर्यंत जुईनगर सोडणार नाहीत. सासूला घरात ठेवून घेण्यासाठी इतकी जिद्द धरलेली सून अख्ख्या नवी मुंबईत दुसरी नसेल.

अडचण अशी होती की भिमाबाईंचा जुईनगरात टिकण्याचा इतिहास काही बरा नव्हता. दरवर्षी यायच्या आणि आठवडा पुरा व्हायच्या आत पिशवी भरायच्या. जेवणाची तक्रार नाही, सुनेची तक्रार नाही. तक्रार एकच. “मार्गशीर्षात घाम येतो तुमच्याकडं. हे काय माणसाचं गाव हाये?”

या वेळी नंदकिशोर त्यांना गाडीने घेऊन आला तेव्हा डिकीतून चार गोधड्या, बाजरी, तीळ, डिंकाची पुडी आणि एक पोतंभर चिंध्या निघाल्या. एवढं सामान बघून वैशालीला हायसं वाटलं. चिंध्यांचं तिला काही कळलं नाही, पण म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं म्हणून तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

“चल, घर थंडीला तयार करू,” भिमाबाई पदर खोचून म्हणाल्या. “दिवाळी झाली की मी दरसाल करती. इथं तर कुणी कधी केलंच नसंल.”

कुणी केलं नव्हतं, हे खरंच होतं. भिमाबाईंचे गुडघे चढाउतार करायला राजी नसल्याने स्टुलावर वैशाली आणि खाली देखरेखीला सासूबाई, अशी कामाची वाटणी झाली. आधी खिडक्या. स्लायडिंगच्या फटीत चिंध्या उलथण्याच्या दांड्याने ठासून भरायच्या. मग दार. दाराला आतून एक गोधडी ठोकली, तिच्याखालून वाकून आत-बाहेर करायचं. मग पंख्याची तिन्ही पाती जुन्या लुगड्याच्या पट्टीने एकमेकांना बांधली, कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून. मग भिमाबाईंनी स्वतः जाऊन फ्रिजचं बटण बंद केलं.

“थंडीत ह्याला कशाला जाळायचा? दूध बाहेर ऱ्हातं चांगलं.”

“आई, बाहेर चौतीस आहे.”

“आज आसंल,” भिमाबाई म्हणाल्या.

शेवटी त्यांची नजर हॉलमधल्या एसीवर गेली. “त्यालाबी गुंडाळ काहीतरी. उघडं दिसलं तरी हुडहुडी भरती.” वैशालीने ते उद्यावर टाकलं, कारण तिच्या गाऊनमधून पाणी पिळायची वेळ आली होती.

संध्याकाळपर्यंत दूध नासलं, इडलीचं पीठ फुगून फ्रिजच्या दारातून खाली आलं, आणि बंद खिडक्यांच्या आत घर चांगलं शिजलं. एक फायदा मात्र झाला. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी कारखान्यांचा जो उग्र वास शिरवण्याच्या बाजूने येतो, तो चिंध्यांना भिऊन परत गेला. नंदकिशोर गोधडीखालून वाकून घरात आला आणि त्याला आपण दुसऱ्याच मजल्यावर शिरलो असं वाटलं. तो शर्ट काढणार एवढ्यात आईने त्याच्या हातात लोकरीची बंडी दिली. त्याने ती घातली. कळंबोलीत त्याला लोक वचकून असतात.

जेवणं झाली. भिमाबाई हॉलमधल्या दिवाणावर गोधडी पांघरून बसल्या. बेडरूमची गादी फार मऊ, तिच्यात बुडाल्यासारखं होतं, म्हणून त्यांचा मुक्काम हॉलमध्येच असायचा. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि चेहरा पडलेला होता. एखाद्या पाहुण्यासाठी सगळा स्वयंपाक करून ठेवावा आणि त्याने यावंच नाही, तशा त्या दाराकडे बघत होत्या.

“एवढं केलं,” त्या म्हणाल्या, “पण ती येतीच न्हाई.” मग त्यांनी गोधडी बाजूला सारली. “नंदू, रविवारी मला सोडून ये बाबा.”

“हं,” नंदकिशोर म्हणाला.

वैशालीला अंगणाच्या टोकाची न्हाणी दिसली. मग तिची नजर वर गेली, भिंतीवरच्या एसीकडे, आणि तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये माइक बंद ठेवून तिने एक जुनी गोधडी फाडली आणि सासूबाईंच्या आज्ञेप्रमाणे एसीला अंगरखा शिवला. पुढून रिमोटच्या डोळ्यापुरतं भोक सोडून झाकलेला, दोन्ही बाजूंनी झाकलेला, वर आणि खाली मात्र मोकळा, कारण एसी हवा वरून घेतो आणि खालून सोडतो. अंगरखा चढवल्यावर आकड्यांचा हिरवा दिवा आत गडप झाला. भिमाबाईंनी खालून निरखून पाहिलं आणि टाके बरे आहेत असं म्हणाल्या. सुनेच्या शिवणकामाचं त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. दिवेलागणीला वैशालीने लॅपटॉपच्या बॅगेचं तोंड एसीकडे केलं, आत हात घातला आणि आतल्या आत रिमोटचं बटण दाबलं. अठरा.

बघता बघता जुईनगरात थंडी पडली.

भिमाबाई तीळ निवडत होत्या. आधी त्यांनी पाय आखडून घेतले. मग मान वर केली. मग निवडणं थांबवून हाताची बाही वर सारली आणि सुनेला जवळ बोलावलं.

“बघ गं. काटा आला.”

खरंच आला होता. त्या सुरकुतलेल्या हातावरचा बारीक काटा भिमाबाई अशा कौतुकाने दाखवत होत्या की वैशालीला, ठरवलेलं नसताना, बरं वाटलं. रविवारचं जाणं राहिलं. राहिलं म्हणजे त्याचा विषयच कुणी काढला नाही.

ही युक्ती किती पक्की आहे हे वैशालीलाही नंतर कळलं. भिमाबाईंना गार वारा लागला की त्या खिडक्यांच्या फटी तपासायच्या आणि आणखी चिंध्या ठासायच्या. फटी बुजल्या की एसीची हवा बाहेर जायची नाही आणि घर आणखी गार पडायचं. मग आणखी चिंध्या. “चिवट थंडी हाये तुमची,” त्या गंभीरपणे म्हणायच्या. “आमच्याकडची फटीतून येती, कळती तरी. ही कुठून येती तेच समजत न्हाई.” एसीच्या घरघरीला वैशालीने सोसायटीची पाण्याची मोटर असं नाव दिलं होतं. भिमाबाईंना तसंही कमीच ऐकू यायचं. सकाळी गॅलरीत कडक ऊन असायचं, त्यानेही काही बिघडलं नाही. त्यांच्या गावीसुद्धा घरात गारठा आणि अंगणात ऊन असंच असतं. त्या स्वेटर घालून गॅलरीत उन्हाला बसायच्या आणि आत आल्या की समाधानाने कुडकुडायच्या.

आणि बाई खुलल्या. डिंकाचे लाडू झाले, बाजरीचे उंडे झाले, तिळाची चटणी झाली. गावाकडच्या जावेला फोन करून त्यांनी इथल्या थंडीची बढाई मारली. नंदकिशोर बाहेरच्या उकाड्यातून यायचा, दारातल्या गोधडीखालून वाकायचा आणि कानटोपी घालून जेवायला बसायचा. खरं काय ते त्याला माहीत होतं. तो त्यावरही ‘हं’ एवढंच म्हणाला होता. क्षिप्राचा फोन आला, “वहिनी, कमाल केलीस तू.” वैशालीने नम्रपणे कौतुक स्वीकारलं.

एकदा भिमाबाईंचे गुडघे सकाळी जरा जास्तच धरले. “धरले म्हंजी थंडी खरी,” त्या उलट खूष होत्या. वैशालीला मात्र अपराध्यासारखं झालं. तिने तेल कोमट करून त्यांचे पाय चोळले आणि गुपचूप अठराचे बावीस केले.

भांडं फुटायची वेळ आली ती एका दुपारी. खालच्या मजल्यावरच्या गोजराताई तणतणत वर आल्या. गोजराताई मूळच्या शिरवणे गावच्या. गावात त्यांच्या तीन इमारती भाड्याने दिलेल्या, दोन्ही हातांत कोपरापर्यंत सोनं. मुलाला मोकळी हवा हवी म्हणून त्यांनी इथे फ्लॅट घेतला होता. वैशालीची आणि त्यांची इतक्या वर्षांची ओळख म्हणजे लिफ्टमध्ये मान हलवणं.

“काय गो बाय,” त्या गोधडीखालून आत येत म्हणाल्या, “तुमचे एसीचा पानी माजे वालांव गलतंय. गॅलरीन वालाचं दाणं सुकत घातलेत ना मी. थंडीचे दिवसान एसी कोन लावतं?”

मग त्यांनी समोर पाहिलं. दिवाणावर म्हातारी, स्वेटर, शाल आणि पायमोज्यांसकट. टेबलाशी वैशाली, हातमोज्यांची बोटं कापून लॅपटॉप बडवणारी. भिंतीवर अंगरखा घातलेला एसी. गोजराताईंनी त्या अंगरख्याकडे पाहिलं, मग वैशालीकडे पाहिलं. वैशालीने सासूच्या पाठीमागून दोन्ही हात जोडले.

“काय म्हणती ती?” भिमाबाईंनी विचारलं.

गोजराताई दिवाणावर बसल्या आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. “मी बोलतंय, मावशी, लय थंडी हाय तुमचे घरान.”

“हाये ना?” भिमाबाईंचा चेहरा उजळला. “ह्यांना सांगितलं तर हसत्यात. घे, लाडू खा.”

जाताना गोजराताईंनी वैशालीला स्वयंपाकघरात गाठलं. “माजेकरंपन एसी हाय, पन सून लावाला देत नाय. मी दुपारची येन तुजेकरं बसाला. वाल भिजले तं भिजूं दे मंग.”

तेव्हापासून दुपारी हॉलमध्ये बैठक बसायला लागली. गोजराताई यायच्या, पहिल्या मजल्यावरच्या सोनलला घेऊन यायच्या, सोनल आपल्या आईला. वैशालीचं घर हे जुईनगरातलं थंड हवेचं ठिकाण झालं. शाली पांघरून, लाडू खात, बायका लोकांच्या सुनांचा समाचार घ्यायच्या आणि भिमाबाई मधोमध बसून बाजारभावापासून बाळंतपणापर्यंत कशावरही मत द्यायच्या. वैशाली टेबलाशी बसून पगार काढायची. ऑफिसातल्या एकाने विचारलं, मागे एवढी माणसं कोण, तुमच्याकडे लग्न आहे का. तिने माइक बंद केला. ती त्या बैठकीत जाऊन बसली नाही. काम होतं, आणि तिला कुणी बोलावलंही नाही.

डायनिंग टेबल बरोबर एसीच्या समोर होतं, ही गोष्ट मात्र तिच्या हिशेबात राहून गेली होती. दिवसभर गार वारा तिच्या मानेवर, आणि स्वयंपाकघरात गेलं की भट्टी. निफाडची म्हातारी त्या थंडीत टवटवीत होत गेली आणि चेंबूरच्या सुनेला आधी शिंका, मग खोकला, मग ताप आला. आवाज घोगरा झाला. नाताळाच्या सुमाराला ती अंथरुणाला खिळली. भिमाबाई गुडघ्यांची पर्वा न करता तिला रिक्षाने डॉक्टर स्मितांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

“कुठे जाऊन आलात?” डॉक्टरांनी छाती तपासत विचारलं. “मनाली की काश्मीर?”

“घरीच होते.”

“घरी?” डॉक्टरांनी मागे गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. “गार हवा बाधली आहे तुम्हाला. जपा. उन्हाला बसत जा.”

भिमाबाईंना एरवी कमी ऐकू येतं, पण हे सगळं नीट ऐकू आलं. घरी आल्यावर त्यांनी वैशालीला दिवाणावर झोपवलं, तिच्यावर दोन गोधड्या घातल्या, हळदीचं दूध पाजलं आणि शांतपणे सांगितलं, “तू बरी झाली की आपण दोघी गावाला जाऊ.”

वैशालीला वाटलं, तापात भलतंच काही ऐकू आलं.

“ह्या घरातली थंडी चांगली न्हाई. बाधिक हाये. कुठून येती तेबी समजत न्हाई. आमची थंडी कडक, पण सरळ. ऊन असतं, शेकोटी असती. तुला मानवंल.”

म्हणजे इतकं सगळं करून पुन्हा ती न्हाणी आणि तो बंब. आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. वैशाली उठून बसली.

“आई, थंडी नाहीये.”

“पडून ऱ्हा. ताप हाये तुला.”

“थंडी नाहीये हो. हा एसी आहे.” तिने उशाशी ठेवलेल्या बॅगेतून रिमोट काढला आणि दाबला. अंगरख्याच्या आत पीक असा आवाज झाला आणि वारा थांबला. तिने पुन्हा दाबला. वारा आला. भिमाबाई उठून एसीखाली गेल्या, हात वर करून त्यांनी वारा पाहिला, आणि हात तसाच धरून सुनेकडे मान वळवली.

“पहिल्या दिवसापासून?”

“तुम्ही रविवारी जाते म्हणालात, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

भिमाबाई सावकाश येऊन तिच्या पायाशी बसल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले. “माझ्या नवऱ्यानं जन्मात मला कधी पाण्याचा तांब्या भरून दिला न्हाई,” त्या म्हणाल्या. “सुनंनं थंडी आणून दिली.”

इथे वैशालीने फक्त गप्प बसायचं होतं. कुठल्याही शहाण्या सुनेने तेच केलं असतं आणि जन्मभर त्या पुण्यावर जगली असती. पण त्या म्हातारीचे ओले डोळे तिला बघवेनात.

“तुमच्यासाठी नाही आणली,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “मला तिकडे यायला लागू नये म्हणून आणली. तुम्ही राहिला नाहीत, तर क्षिप्रा मला पाठवणार होती.”

भिमाबाईंचा हात पदरावरच थांबला. वैशाली बोलणी खायच्या तयारीत बसली.

“आमच्या घराला काय झालं?” भिमाबाईंनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

“न्हाणी लांब आहे. पहाटे उठायचं. नेटवर्क नाही.” वैशालीने नाक पुसलं. “आणि तिथे मला कोण आहे? नंदू इथे, आपली ऋता पुण्याला हॉस्टेलवर. दिवसभर एकटीने मी तिथे करू काय?”

“आणि इथं कोण हाये तुला?”

वैशाली उत्तर द्यायला गेली. ऑफिसची माणसं होती. पण ते नुसते आवाज होते, त्यांतल्या निम्म्यांचे चेहरे तिने पाहिले नव्हते. लेक फोन करायची, पैसे संपले की. नवरा घरी यायचा, जेवायचा, ‘हं’ म्हणायचा. दिवाळीच्या आधी या दारातून आत कोण आलं होतं, हे ती आठवायला लागली. सिलिंडरवाला आला होता. कुरिअरवाला दारातूनच गेला होता.

तेवढ्यात बेल वाजली. वैशालीच्या मनात पहिला विचार आला की आपल्यासाठी कुणी आलेलं नसणार, आणि तो बरोबर निघाला.

“मावशी हाय का?” गोजराताईंनी गोधडीतून डोकं आत घालून विचारलं.

वैशालीला रडू आलं. तापाचं म्हणून सोडून देता आलं असतं, पण ते तापाचं नव्हतं. गोजराताई आत आल्या, तिच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि दोन बायका दोन बाजूंना बसून राहिल्या. भिमाबाईंनी मोबाइल घेतला, सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर लावला आणि नाशिकला फोन केला.

“क्षिप्रे, थंडीत माणूस एकटं ठेवायचं न्हाई म्हणली होतीस ना? म्हणून हिला घेऊन चालली मी.”

“कुणाला? वहिनीला? आई, वहिनी कुठे एकटी आहे?”

“तुला काय ठावं? तू कधी आलीस इकडं?” भिमाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी ताप उतरला. संध्याकाळी नंदकिशोर आला तेव्हा एसीचा अंगरखा उतरला होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि दाराशी गोधड्यांचं गाठोडं बांधून तयार होतं. त्याने वैशालीला बेडरूममध्ये बोलावलं, दार लोटलं, आणि लग्नानंतर प्रथमच सलग तीन वाक्यं बोलला.

“तुला जायचं नसेल तर सांग. मी आईला समजावतो. क्षिप्राशी पण बोलतो मी.”

हीच वाक्यं त्याने दिवाळीच्या आधी म्हटली असती तर या घरात थंडी पडलीच नसती. वैशालीने त्याच्याकडे पाहिलं. राग आला होता, पण त्याला सवडीने धारेवर धरता येईल असं तिला वाटलं.

“कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा,” ती त्याला म्हणाली आणि हॉलमध्ये गेली. भिमाबाई दिवाणावर उरलेल्या चिंध्या घड्या घालून ठेवत होत्या. वैशाली त्यांच्या शेजारी बसली, थोड्या चिंध्या आपल्याकडे ओढून घेतल्या आणि विचारलं, “आई, तिकडे दुपारी कोण कोण येतं तुमच्याकडे?”

भिमाबाई नावं सांगायला लागल्या. जेवणाची वेळ टळून गेली तरी त्यांची नावं संपली नव्हती, आणि वैशालीही उठली नव्हती.